छळाच्या काळातील पहिल्या ख्रिस्ती लोकांचे धैर्य: त्यामागचे देवाचे सामर्थ्य त्यांना स्वतःला कसे समजले होते?

सुवार्ता_वाचक

नमस्कार. आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यास गटात सध्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा चौथा अध्याय चालू आहे. पेत्र आणि योहान यांनी मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी भीक मागत बसणाऱ्या, जन्मापासून पांगळ्या असलेल्या माणसाला बरे केले, जमलेल्या लोकांपुढे येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष दिली, आणि त्यामुळे चिडलेल्या याजकांनी व पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथाच्या यहुद्यांनी त्यांना रात्रभर अटकेत ठेवून दुसऱ्या दिवशी हन्ना, कयफा आणि इतर अधिकाऱ्यांपुढे उभे केले, हा प्रसंग येथील बहुतेकांच्या परिचयाचा असेल. या नावाने यापुढे कोणाशीही बोलायचे नाही, अशी ताकीद घेऊन ते दोघे आपल्या लोकांकडे परत येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात.

मी अडखळतो तो या प्रार्थनेपाशी. दुसऱ्या स्तोत्रातील राष्ट्रांच्या खवळण्याचे शब्द आठवून ते देवाला म्हणतात की, त्यांच्या धमक्यांकडे पाहा. मात्र त्यापुढे संकट टळावे असे मागणे येत नाही, तर तुझे वचन पूर्ण धैर्याने सांगता यावे, असे येते. प्रार्थना संपताच ती जागा हादरते, सगळे पवित्र आत्म्याने परिपूर्ण होतात आणि धैर्याने बोलू लागतात.

आमच्या गटातील एक ज्येष्ठ सभासद असे ठामपणे मांडतात की, देवाचे सामर्थ्य ज्याच्यावर आले त्याची भीती समूळ गेली, आणि ज्याला भीती वाटते त्याने आपला विश्वास तपासावा. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांची स्वतःची समजूत खरोखर अशीच होती का? तशी ती असेल, तर छळापुढे ज्यांनी मान तुकवली त्यांच्याविषयी त्या काळची मंडळी काय म्हणत होती? प्रवचनांतून विजयाच्या कथा पुष्कळ ऐकल्या आहेत. मला मूळ लेखनात काय आढळते ते जाणून घ्यायचे आहे.

तळटीप

आपल्या सभासदांचे म्हणणे लूकच्या लेखनात टिकत नाही, असे मला वाटते. शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये हे एकाच लेखकाचे दोन भाग आहेत, हे ध्यानात ठेवून पेत्राची गोष्ट सलग वाचावी. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी बसलेला असताना एका दासीने नुसते बोट दाखवले, तर ज्याची बोबडी वळली, तोच माणूस काही आठवड्यांनी त्याच प्रमुख याजकाच्या घराण्यासमोर उभा राहून त्यांच्यावर येशूच्या वधाचा आरोप ठेवतो. लूकला हा फरक वाचकाच्या नजरेस आणायचा आहे, आणि म्हणूनच पेत्राने तोंड उघडण्यापूर्वी तो ‘पवित्र आत्म्याने परिपूर्ण होऊन’ असे मुद्दाम नोंदवतो. पुढे न्यायसभेला आश्चर्य वाटते तेही याचेच की, शिक्षण नसलेली सामान्य माणसे अशी कशी बोलतात. हे दोघे येशूच्या सहवासात होते, एवढीच ओळख तिला पटते.

मात्र अधिक महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे, आणि ती घाईने वाचताना हातून निसटते. दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी हे सगळे आत्म्याने भरलेले आहेत. चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनात पेत्र पुन्हा भरतो. त्याच अध्यायाच्या एकतिसाव्या वचनात, म्हणजे न्यायसभेपुढे एवढे उत्तम बोलून सुटून आल्यानंतर, सगळे मिळून धैर्य मागतात आणि पुन्हा भरले जातात. धैर्य ही एकदा बांधून दिलेली शिदोरी असती, तर त्या दिवशी ते मागण्याचे काही कारणच नव्हते. धमकी खरी होती, भीतीही खरी होती, आणि कालचे धैर्य आजच्या प्रसंगाला पुरेल, असे त्यांनी गृहीत धरले नाही.

पौलाचे पाहिले तरी हेच दिसते. करिंथकरांना तो लिहितो की, मी तुमच्याकडे दुर्बळतेने, भीत भीत आणि कापत आलो. आणि करिंथमध्येच रात्री दर्शनात प्रभूने त्याला ‘भिऊ नको, बोलत राहा’ असे सांगितल्याचे लूकही कळवतो. इफिसकरांस पत्राच्या शेवटी तो बेड्यांत असल्याचे सांगून, मला धैर्याने बोलता यावे म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती करतो. ज्याची भीती समूळ गेली आहे असा माणूस इतरांना अशी विनंती करीत बसणार नाही.

आता सामर्थ्य म्हणजे सुटका, असा अर्थ घ्यावा तर बारावा अध्याय आडवा येतो. पहिला हेरोद अग्रिप्पा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. पेत्राला मात्र देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. मंडळी दोघांचीही होती. एकाला का सोडवले आणि दुसऱ्याला का नाही, याचे स्पष्टीकरण लूक देत नाही, आणि आपणही ते रचून सांगू नये. उलट, ज्या पौलाच्या धैर्याचे वर्णन करताना लूक थकत नाही, तोच पौल दिमिष्कात टोपलीत बसून तटावरून खाली उतरतो, आणि यरुशलेमेत फटके मारण्यासाठी वाद्यांनी बांधले जात असताना, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे तुम्हाला कायदेशीर आहे काय, असे शताधिपतीला विचारून मार चुकवतो. निसटणे आणि कायद्याचा आधार घेणे या गोष्टी धैर्याच्या विरुद्ध आहेत, असे लूकला मुळीच वाटत नाही. त्याच्या लेखी सामर्थ्य प्रकट होते ते मुख्यतः वाणीत: बोलायची वेळ आली तेव्हा माणूस बोलला की नाही.

शंकेखोर

मी श्रद्धावान नाही. रोमन इतिहासाच्या आवडीपोटी या विषयाकडे आलो आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे कोरडे वाटल्यास समजून घ्यावे.

प्रथम, ‘छळाचा काळ’ हा शब्दप्रयोग सावधपणे वापरायला हवा. पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक रोज सिंहांपुढे टाकले जात होते, असे चित्र लोकांच्या मनात असते. ते चुकीचे आहे. नीरोने इ.स. ६४ च्या आगीनंतर केलेला छळ रोम शहरापुरता होता. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पोंत प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजनला पत्र लिहून सल्ला विचारला, तेव्हा सम्राटाने कळवले की, ख्रिस्ती लोकांचा शोध घेत फिरू नये, निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, मात्र आरोप सिद्ध झाला आणि आरोपी आपल्या म्हणण्याला चिकटून राहिला तर शिक्षा करावी. साम्राज्यातल्या सर्व रहिवाशांनी देवांना बली अर्पण करावा, असा हुकूम निघाला तो दिकियस सम्राटाच्या काळात, इ.स. २५० च्या सुमारास. खुद्द ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवले आहे की, विश्वासासाठी मेलेले लोक थोडे आणि सहज मोजता येतील इतके आहेत. आणि या ओरिगेनचा स्वतःचा पिता अलेक्झांड्रियात मारला गेला होता, तेव्हा त्याला विषय ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही.

प्लिनीच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रवचनांत कोणी सांगत नाही. त्याच्यापुढे आणलेल्यांपैकी काहींनी सांगितले की, आम्ही पूर्वी ख्रिस्ती होतो, पण ते सोडून दिले. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी त्याहून आधी, तर काहींनी वीस वर्षांपूर्वी. म्हणजे गळती दुसऱ्या शतकाच्या आरंभीही होती. जे टिकून राहिले त्यांच्याविषयी प्लिनीचे मत असे की, त्यांचे म्हणणे काहीही असो, हा हट्ट आणि न वाकणारा अडेलपणाच शिक्षेला पात्र आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या आत्मचिंतनातही मरणाची तयारी विचारपूर्वक असावी, ख्रिस्ती लोकांसारखी निव्वळ विरोधापोटी नसावी, असे वाक्य येते. त्यातला ख्रिस्ती लोकांचा उल्लेख नंतर कोणी घातला असावा, असे काही अभ्यासक मानतात, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सांगायचा मुद्दा असा की, तुम्ही ज्याला देवाचे सामर्थ्य म्हणता, त्याला समोर बसलेला न्यायाधीश हेकटपणा म्हणत होता.

शिवाय मरणापुढे स्थिर राहणे ही काही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नव्हती. मक्काबी काळातील यहुदी माता आणि तिचे सात पुत्र यांची कथा ख्रिस्ती लोक स्वतःच आदर्श म्हणून सांगत होते. मनावर ताबा ठेवायला शिकवणारे स्टोइक तत्त्ववेत्ते शांतपणे मरत होते. स्थैर्य दिसले की त्यामागे देव आहे असे म्हणायचे, तर ते सगळ्यांनाच लागू करावे लागेल.

आणि चमत्कारांविषयी. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्या मृत्यूच्या वृत्तांतात, खंजीर खुपसताच त्याच्या देहातून कबुतर बाहेर आले, असा मजकूर हस्तलिखितांत आढळतो. पण मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस याने तोच वृत्तांत उद्धृत केला आहे, त्यात कबुतर नाही. याउलट इ.स. १८० मध्ये १७ जुलै रोजी कार्थेज येथे बारा जणांना मृत्युदंड झाला, त्याची नोंद पाहावी. प्रांताधिपती सातुर्निनस त्यांना विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ करतो आणि ते ती नाकारतात. तुमच्या पेटीत काय आहे, असे विचारल्यावर स्पेरातुस उत्तर देतो की, ग्रंथ आणि पौल या नीतिमान माणसाची पत्रे. शिक्षा ऐकून ते देवाचे आभार मानतात. जमीन हादरत नाही, कबुतर उडत नाही. माझ्यासारख्या वाचकाला ही कोरडी नोंद कुठल्याही अलंकृत कथेपेक्षा अधिक विचार करायला लावते, हे मान्य करतो.

जुनी_वही

शंकेखोर यांनी कार्थेजचा उल्लेख केलाच आहे, तर त्याच शहरातील एका लेखनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर मला तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. विबिया पेर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची, चांगल्या घराण्यातील, शिकलेली, अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री होती, इ.स. २०३ मध्ये ७ मार्चला ती आणि तिचे सोबती रिंगणात मारले गेले. तुरुंगातील दिवसांचा वृत्तांत तिने स्वतः लिहिला, आणि दुसऱ्या कोणी त्याला आरंभ व शेवट जोडला. त्यामुळे छळ सोसणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे शब्द येथे मिळतात, जे फार दुर्मीळ आहे.

आता या स्त्रीने काय लिहिले ते पाहा. तुरुंगात टाकल्यावर मी घाबरले, कारण असा अंधार मी कधी अनुभवला नव्हता, असे ती सरळ लिहिते. उकाडा, गर्दी, शिपायांची दांडगाई, आणि या सगळ्यांवर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोंपोनियुस नावाचे मंडळीचे दोन सेवक पैसे चारून त्यांना दिवसातून काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात हलवण्याची व्यवस्था करतात. तेथे ती भुकेने कोमेजलेल्या मुलाला पाजते. पुढे मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळते, तेव्हा ती म्हणते की, आता हा तुरुंग मला राजवाडाच वाटू लागला. आधी दर्शन झाले आणि मग भीती गेली, असा क्रम तिने दिलेला नाही. मंडळीची माणसे लाच देऊन हवा आणि उजेड मिळवतात, मूल जवळ येते, आणि त्यानंतर तिचा भाऊ तिला दर्शन मागायला सुचवतो. मग तिला काशाची शिडी दिसते, तिच्या पायथ्याशी अजगर, आणि त्याच्या डोक्यावर पाय देऊन ती चढते.

तिचा वृद्ध पिता पुन्हा पुन्हा येऊन विनवतो, तिच्या हातांचे चुंबन घेतो, पायांवर पडतो. त्याच्यासाठी मला फार दुःख झाले, असे ती लिहिते. ती दगड झालेली नाही. मात्र न्यायासनापुढे रोमन अधिकारी हिलारियानुसने विचारताच ‘मी ख्रिस्ती आहे’ एवढेच उत्तर देते.

तिच्या धैर्याचे जे दोन प्रसंग मला विशेष आवडतात, त्यांत मरणाचे नाव नाही. तुरुंगात त्यांना कडक वागणूक मिळू लागते, तेव्हा ती अधिकाऱ्याला सुनावते की, आम्ही कैसराच्या वाढदिवसाच्या खेळांत लढणारे मानाचे कैदी आहोत, आम्ही धडधाकट दिसलो तर त्यात तुमचीच शोभा नाही का? तो अधिकारी ओशाळतो आणि वागणूक सुधारते. पुढे रिंगणाच्या दाराशी पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचे आणि स्त्रियांना केरेस देवीच्या पुजारिणींचे कपडे घालायला सांगितले जाते, तेव्हा ती अडून बसते: आमचे स्वातंत्र्य जाऊ नये म्हणूनच तर आम्ही येथवर आलो आहोत, हाच आपला करार होता. तिचे म्हणणे मान्य होते. अंगात धग असलेली, थोडी मिश्कील अशी ही स्त्री आहे, आणि संतचरित्रांच्या गोडव्यात ती हरवते याची मला नेहमी हळहळ वाटते.

तिच्यासोबत फेलिसितास नावाची दासी होती, आठ महिन्यांची गर्भवती. गर्भवतीला मृत्युदंड देण्यास कायद्याची मनाई असल्याने आपण मागे राहू, सोबत्यांबरोबर जाता येणार नाही, याचे तिला दुःख होते. सर्वांनी प्रार्थना केल्यावर तिला कळा सुरू झाल्या, आणि ती वेदनेने ओरडू लागली. तेव्हा तुरुंगातला एक नोकर म्हणाला, आताच एवढी ओरडतेस, तर श्वापदांपुढे काय करशील? तिने उत्तर दिले की, आता जे सोसते आहे ते मी सोसते आहे. तेव्हा मात्र माझ्यासाठी सोसणारा दुसरा माझ्यात असेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे. देवाच्या सामर्थ्याची तिची समजूत या वाक्यात पूर्ण आली आहे. ती बाळंतपणात ओरडली हे लपवावे, असे लिहिणाऱ्याला वाटले नाही, आणि आजचे कष्ट मला जाणवत नाहीत असा आव तिनेही आणला नाही.

वसईकर

जुनी_वही यांनी सांगितलेल्या दोघींची नावे आमच्याकडे मिस्साच्या पहिल्या कृपाप्रार्थनेत येतात, आणि ७ मार्च हा त्यांचा सण आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, त्यामुळे आमच्या भागात रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी प्राण देणारा, हा शब्द लहानपणापासून कानावर असतो; पण पेर्पेतुआने लाच देऊन मिळवलेल्या हवेशीर जागेविषयी लिहिले आहे, हे आजवर कोणी सांगितले नव्हते. एक विचारतो: स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे जाऊन अटक करवून घेणारे लोकही होते ना? त्यांना मंडळी शूर म्हणत होती का?

शंकेखोर

होते, आणि त्यांच्याविषयी एकमत नव्हते. पॉलिकार्पच्या वृत्तांतात फ्रुगियाचा क्विंतुस येतो: त्याने स्वतः पुढे होऊन इतरांनाही स्वतःला हवाली करायला लावले, आणि श्वापदे पाहताच घाबरून शपथ घेऊन बली अर्पण केला. लिहिणारे लगेच म्हणतात की, स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, कारण शुभवर्तमान तसे शिकवत नाही. याच्या शेजारीच पॉलिकार्प ठेवला आहे, जो मित्रांच्या आग्रहावरून एका मळ्यात आणि मग दुसऱ्या मळ्यात जाऊन लपतो. शोधणारे पोहोचल्यावर त्यांना जेवू घालायला सांगतो आणि प्रार्थनेसाठी एक तास मागून घेतो. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंतही मरण ओढवून घेणाऱ्यांच्या विरुद्ध लिहितो. मात्र पेर्पेतुआच्या गटाचा शिक्षक सातुरुस नंतर आपण होऊन स्वाधीन झाला होता आणि त्या लेखनात त्याचा गौरवच आहे, तर कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याने पुढे छळात पळ काढण्याच्या विरुद्ध स्वतंत्र निबंध लिहिला. ज्या तेर्तुलियनचे ख्रिस्ती लोकांचे रक्त म्हणजे बीज आहे हे वाक्य सगळीकडे ऐकू येते, तो या बाबतीत टोकाच्या बाजूला होता, हे विसरले जाते.

धर्मेतिहास

प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे ज्यांनी मान तुकवली त्यांचे काय, हा अजून राहिला आहे.

इ.स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लुग्दुनुम, म्हणजे आजचे लियों, आणि शेजारचे व्हिएन येथील मंडळ्यांवर मोठे संकट आले. वाचलेल्या लोकांनी आशिया व फ्रुगिया येथील मंडळ्यांना लिहिलेले पत्र युसेबियसने जपून ठेवले आहे. त्यात आरंभीच कबुली आहे की, काही जण तयार होते आणि काही तयार नव्हते, सराव नसलेले आणि अशक्त होते. असे सुमारे दहा जण गळाले. त्यांच्यासाठी पत्र गर्भपाताची उपमा वापरते, जणू आईच्या, म्हणजे मंडळीच्या, उदरातून ते मृत बाहेर पडले. त्यानंतर एक वाक्य येते, ज्यापाशी मी नेहमी थांबतो: आम्ही भीत होतो ते यातनांना नव्हे, तर आणखी कोणी गळेल की काय, याला.

याच पत्रात ब्लांदिना ही दासी आहे. तिची मालकीणही पकडलेल्यांमध्ये होती, आणि देहाने इतकी दुबळी असलेली ही मुलगी आपल्या विश्वासाची कबुली देऊ शकणार नाही, अशी धास्ती सर्वांना वाटत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने छळणारे थकले आणि ती मात्र ‘मी ख्रिस्ती आहे, आमच्यात काही वाईट घडत नाही’ हेच म्हणत राहिली. तिला खांबावर टांगले गेले तेव्हा सोबत्यांना आपल्या बहिणीच्या रूपात क्रुसावरील ख्रिस्त दिसला, असे पत्र म्हणते. दासी, स्त्री आणि अशक्त: रोमन समाजाने ज्याला मोजलेच नसते, अशा देहाची निवड या लेखकांनी सामर्थ्य दाखवण्यासाठी केली आहे, आणि पौलाच्या ‘माझे सामर्थ्य अशक्तपणात पूर्णत्वास येते’ या वचनाशी ते जुळते. शंकेखोर यांनी स्टोइकांशी केलेली तुलना मला येथे अपुरी वाटते. स्टोइक मनुष्य आपल्या अभ्यासाने मिळवलेल्या स्थैर्याचा स्वामी असतो, तर ब्लांदिनाकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

तिच्याबरोबरच बिब्लिस ही स्त्रीही लक्षात ठेवावी. तिने आधी नाकारले होते. ख्रिस्ती लोक मुले खातात, असे तिच्या तोंडून वदवून घेण्यासाठी तिला पुन्हा यातना दिल्या गेल्या, तेव्हा ती जणू गाढ झोपेतून जागी झाली आणि म्हणाली, ज्यांना पशूचे रक्तही वर्ज्य आहे, ते मुलांना कसे खातील? त्यानंतर तिने आपण ख्रिस्ती असल्याचे कबूल केले. पुढे सम्राटाकडून हुकूम आला की, नाकारतील त्यांना सोडावे. सुटण्याची वाट मोकळी असताना पूर्वी नाकारलेल्यांपैकी बहुतेकांनी या वेळी कबुली दिली. असे का घडले? तुरुंगातल्या कबुली देणाऱ्यांनी त्यांना दूर लोटले नाही. पत्र सांगते की, त्यांनी कोणाला दोष दिला नाही, सर्वांना मोकळे केले, पडलेल्यांसाठी अश्रू ढाळले. स्वतःला मात्र रक्तसाक्षी म्हणवून घ्यायला ते तयार नव्हते.

इ.स. २५० मधली परिस्थिती अधिक बिकट होती. दिकियसच्या हुकुमाप्रमाणे बली अर्पण केल्याचा दाखला प्रत्येकाला घ्यावा लागे. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, कोणी पकडण्याआधीच लोक आपण होऊन चौकाकडे धावले. काहींनी प्रत्यक्ष बली दिला, काहींनी नुसता धूप जाळला, काहींनी पैसे देऊन दाखला मिळवला. सिप्रियन स्वतः त्या वेळी लपून राहिला होता, आणि रोमच्या पाळकवर्गाने त्याला त्यावरून टोमणाही मारला. छळ ओसरल्यावर पडलेल्यांना परत घ्यावे की नाही यावरून रोममध्ये नोवातियन नावाच्या पाळकाने फूट पाडली. त्याच्या मते त्यांना मंडळीत जागा नव्हती. इ.स. २५१ च्या कार्थेजच्या सभेने प्रायश्चित्ताची वाट ठेवली. त्यानंतर थोड्याच काळाने नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा सिप्रियन आणि त्याच्या सहकारी बिशपांनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना ताबडतोब प्रभुभोजनात घेण्याचे ठरवले. कारण असे दिले की, ज्यांना आपण ख्रिस्ताचे रक्त पिऊ देत नाही, त्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडायला कोणत्या तोंडाने सांगणार?

हे कारण आपल्या ज्येष्ठ सभासदांपुढे जरूर ठेवा. आधी खंबीर व्हा आणि मग या, असे ते म्हणत नाही. जे एकदा पडले आहेत त्यांनाच सामर्थ्याची अधिक गरज आहे, आणि ते मेजावर मिळते, असे ते म्हणते. हा निर्णय घेणारा सिप्रियन, जो एकदा लपला होता, पुढे वालेरियन सम्राटाच्या काळात इ.स. २५८ मध्ये १४ सप्टेंबरला न पळता मारला गेला. शिक्षा वाचून दाखवल्यावर त्याने देवाचे आभार मानले, आणि मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णमुद्रा द्यायला सांगितल्या.

सुवार्ता_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. चौथ्या अध्यायातील प्रार्थना मी आजवर शूर लोकांची प्रार्थना म्हणून वाचत होतो. तळटीप यांनी दाखवलेला तीन वेळा भरण्याचा क्रम पाहिल्यावर ती तशी वाचता येणार नाही. गटात पुढील बैठकीला चर्चेसाठी एकच जुना उतारा घ्यायचा झाला, तर कोणता घ्यावा? वेळ साधारण तासाभराचाच असतो.

धर्मेतिहास

लियोंचे पत्र घ्यावे. पेर्पेतुआचे लेखन अधिक सुंदर आहे, पण त्यातील दर्शनांच्या अर्थावरच तास निघून जाईल. पत्रही पूर्ण वाचू नका, ते लांब आहे आणि यातनांची वर्णने काहींना झेपणार नाहीत. दहा जण गळाल्याचा भाग, ब्लांदिनाची पहिली चौकशी, बिब्लिस आणि शेवटी कबुली देणाऱ्यांनी पडलेल्यांशी केलेले वर्तन, एवढे चार तुकडे त्याच क्रमाने वाचून मग प्रेषितांची कृत्ये चारचे तेविसावे वचन उघडा.

जुनी_वही

मी त्यात फेलिसितासचे ते एक उत्तर जोडीन. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांनाच ते मोठ्याने वाचायला सांगावे.